चाल कुठली, माहेर कुठलं

पहाटे साडेचार

फाल्गुन निम्मा सरला तरी डिंभ्याच्या वरच्या अंगाला पहाटे गोधडी सोडवत नाही. मी मुक्कामाला आहे त्या घरच्या आजी मात्र केव्हाच उठून चुलीपुढे बसलेल्या असतात. जातं ओसरीच्या कोपऱ्यात आहे. खालच्या गावात पिठाची गिरणी आल्यापासून रोजचं दळण बंद झालं, पण नाचणी आणि हरभऱ्याची डाळ या घरात अजून जात्यावरच होते. आज नाचणी. रात्रीच सुपात पाखडून ठेवली होती.

मी संगीत शिकवते, नाटकांना आणि शाळांच्या कार्यक्रमांना चाली लावते. बाकीचे दिवस जुन्नर-आंबेगावच्या वाड्यांवर असते. तिथल्या बायका जे गातात ते शब्दांसकट घेते, पण माझं खरं काम चालीचं. शब्द लिहून घेणारी माणसं आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांत बरीच झाली. चाल स्वरांत उतरवणारी फार थोडी.

ध्वनिमुद्रक जात्यापासून दोन हातांवर, गोधडीच्या घडीवर ठेवते. जमिनीवर ठेवला तर जात्याची घरघर तेवढी येते आणि आवाज बुडतो. जातं थांबवून मात्र कधी गायला सांगत नाही. खुंटा हातात नसेल तर आजींना दुसरी ओळ आठवत नाही, मग तिसरी, आणि शेवटी त्या पदराने तोंड पुसत म्हणतात, “आता कुठं ध्यानात ऱ्हातंय बाई.” हात फिरायला लागला की त्याच आजी तासभर न अडखळता गातात.

पाच ते साडेसहा

खुंट्याला आजी आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई, समोरासमोर. पहिली ओळ आजी म्हणतात, जाऊबाई ती उचलून पुन्हा म्हणतात, मग दुसरी ओळ. अधूनमधून आजी डाव्या हाताने मुठीतली वैरण जात्याच्या तोंडात सोडतात. श्वास घ्यायची जागाही तीच. मी वहीत त्या जागेवर छोटी फुली करते.

आजच्या चालीत स्वर चारच. षड्जावरून निघते, रिषभाला जराशी टेकते, गंधारावर जाते आणि तिथे थांबून हलकेच खाली येते. दुसऱ्या ओळीत एकदाच मध्यमाला हात लावून परत. हा गंधार पेटीवर सापडत नाही. कोमलाच्या वर आहे, शुद्धाच्या खाली. आज सहा ओव्या ऐकल्या, सहाही वेळा तो तिथेच लागला, म्हणजे आवाज हलला म्हणून तसा लागला असं म्हणायला जागा नाही. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ द्यायची असते. मी इथे रेघेच्या टोकाला वर बाण काढते आणि समासात लिहिते, ‘चढा, प्रत्येक वेळी’. एका ओळीला जात्याचे चार फेरे. ‘बाई’, ‘गं’, ‘ना’ ही जी अक्षरं छापील संग्रहात सहसा गाळलेली असतात, ती इथे जवळजवळ एका फेऱ्याची जागा खातात. ती काढली तर ओळ लंगडी होते, हातही चुकतो.

ओव्यांचा विषय सकाळभर बदलत जातो. आधी देव, मग पंढरी, मग भाऊ आणि माहेर. आज मध्येच बिबट्या आला. मुलगा रात्री शेतातल्या मोटारीकडे जातो, त्याला आई बॅटरी घेऊन जायला सांगते, उसाच्या कडेने जाऊ नको म्हणते. ही ओवी आजींच्या आईने म्हटलेली नसणार. उसात बिबट्या वाढला तो अलीकडच्या काही दशकांत. चाल मात्र तीच, चार स्वरांची, तोच चढा गंधार. जुनी चाल नव्या भीतीला जागा देते. ओवी मेली असं जे म्हणतात त्यांना मी हे ध्वनिमुद्रण ऐकवते.

सात

चहा. नाचणीची भाकरी तव्यावर. आता प्रश्न विचारायची वेळ. गाणाऱ्या बाईचं नाव, वय, जन्मगाव, लग्न कोणत्या वर्षी झालं, ही चाल कोणाकडून आली, आणि हे दुसऱ्यांना ऐकवलं तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर ते ध्वनिमुद्रण घरच्या माणसांच्या हाती देते आणि माझ्याकडचं पुसते. यात वाटाघाट नाही.

माहेराचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. आजींचं माहेर घाटाखाली, मुरबाडकडचं. आहुप्याचा घाट चढून त्या नवरी म्हणून वर आल्या. जाऊबाई अकोले तालुक्यातल्या. त्यामुळे एकाच ओसरीवर, एकाच ओवीला दोन चाली आहेत. आजी पहिली ओळ खालच्या चालीने म्हणतात, जाऊबाई झेलताना नकळत आपल्या गावच्या वळणाने संपवतात. हे साठ वर्षं चाललंय आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही. माझ्या वहीत ते ‘आजींची चाल’ आणि ‘जाऊबाईंचा शेवट’ असं वेगवेगळं लिहिलेलं आहे. एकत्र करून एक ‘शुद्ध’ चाल तयार केली तर दोन्ही माहेरं पुसली जातील.

बाईच्या पावलांनी चाली घाट ओलांडतात. इथल्या घाटवाटा जुन्याच आहेत. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. कोकणातल्या बंदरांकडून जुन्नरला येणारा माल तिथून वर चढायचा. त्याच सातवाहनांतल्या हाल राजाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, त्यात शेतं, नदीकाठ, पाखरं, परगावी गेलेला नवरा, सासू-नणंद. काही गाथांना कवींची नावंही जोडून आली आहेत. म्हणजे गाणी निवडून, जमवून, नावासकट जपायची रीत या मातीला सुमारे दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. त्या गाथा कुठल्या सुरात म्हटल्या जात होत्या, ते मात्र आज कोणीही सांगू शकत नाही. शब्द इतकी शतकं टिकले, सूर टिकला नाही. माझ्या कामाचं कारण मला विचारलं तर मी एवढंच सांगते.

नऊ

ओसरीवर बसून सकाळचं सगळं पुन्हा ऐकते. कानाला तानपुऱ्याचं ॲप लावून आजींचा षड्ज शोधते. काळी एकच्या किंचित खाली. लिहिते, पुन्हा ऐकते, खोडते, पुन्हा लिहिते. मिनिटभराच्या गाण्याला तास सहज लागतो. इथे घाई करून चालत नाही.

दोन वह्या बाळगते. निळ्या वहीत जसं ऐकलं तसं, चढ्या गंधारासकट. तांबड्या वहीत त्या चालीवरून मला जे सुचेल ते. चार स्वर सारखे कानात फिरत राहिले की हात शिवशिवतो. इथे पंचम लावला तर? दुसरी ओळ वर नेली तर? संगीतकाराला हे सुचणारच, आणि ते सुचण्यात वाईट काही नाही. पण त्याची जागा तांबडी वही. निळीत एक मात्राही माझी नको.

अकरा

बाळहिरड्याचा हंगाम आहे. शेजारच्या वाडीवर बायका अंगणात हिरडा निवडत बसल्यात. या डोंगराळ पट्ट्यातल्या महादेव कोळी घरांना हातात रोख पैसा देणारं हे मोठं पीक, त्यामुळे गाण्यासाठी कोणाला उठवायचं नाही. मीही सूप ओढून बसते. गप्पा होतात. एक मावशी हळदीच्या गाण्याची दोन कडवी म्हणून दाखवतात आणि हसू लागल्यावर थांबतात. भात आवणीच्या वेळची भलरी ऐकायची असेल तर आषाढात या, असं सगळ्याजणी सांगतात. चिखलात उभं राहिल्याशिवाय ती सुचत नाही. मी तारीख न टाकता नोंद करते, ‘आषाढ, भलरी, याच वाडीवर’.

दुपारी एक

एसटी खाली उतरते तेव्हा डाव्या-उजव्या हाताला डिंभे धरणाचं पाणी दिसत राहतं. मूळ आंबेगाव या पाण्यात गेलं. तालुक्याचं नाव राहिलं, कचेरी घोडेगावला आहे. उठलेली माणसं नव्या वसाहतींत गेली, आणि विस्थापित घरातल्या बायकांकडून मी जेव्हा ओव्या ऐकते तेव्हा त्यांत बुडालेल्या देवळाचं, पाणवठ्याचं, वाटेवरच्या आंब्याचं नाव येतं. नकाशावर ती नावं आता नाहीत.

याच खोऱ्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला आणि १५१ माणसं गेली. वाचलेल्यांसाठी पुढे आमड्याला नवं गाव वसवलं. त्या सकाळी गेलेल्यांमध्ये आज्या होत्या, आया होत्या, सुना होत्या. त्यांच्या गळ्यात काय काय होतं याची मोजदाद कोणत्याच पंचनाम्यात होत नाही. या रस्त्याने जाताना मी पुढच्या आठवड्यावर ढकललेली कामं आठवते, आणि घोडेगावला उतरताच फोन करून दोन आज्यांच्या भेटी आधीच्या दिवशी घेते.

अडीच

मंचरच्या स्थानकावर नारायणगावच्या गाडीला वेळ आहे. अशा वेळी वाचायला पिशवीत जर्मन संगीतकार योहानेस ब्राह्म्सच्या लोकगीतांची झेरॉक्स प्रत असते. १८९४ मध्ये त्याने ४९ जर्मन लोकगीतं पियानोच्या साथीसह छापली, सात गाण्यांचा एक भाग असे सात भाग. मला त्यातला सातवा भाग सगळ्यात जवळचा. त्यात पुढे एक गायक आणि मागून छोटा वृंद अशी मांडणी आहे. पुढचा म्हणतो, मागचे झेलतात. सकाळी ओसरीवर जे ऐकलं त्याच घडणीचं काम, आणि तमाशातल्या झीलकऱ्यांचंही तेच.

हा माणूस तरुणपणापासून लोकगीतांच्या मागे होता. जुन्या पुस्तकांतून चाली हाताने उतरवून घेई. हॅम्बुर्गमध्ये स्त्रियांचा गायनवृंद चालवत असताना त्यांच्यासाठी लोकगीतं बांधून दिली. १८६० च्या जानेवारीत पियानोवादक क्लारा शूमनला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं आहे की गीतरचनेची वाट भरकटली आहे आणि आपल्यापुढचा आदर्श लोकगीत हाच आहे. पुढे लुडविग एर्क आणि फ्रान्झ बोमे यांचा ‘डॉयचर लीडरहोर्ट’ हा मोठा संग्रह १८९३-९४ मध्ये आला, तेव्हा ब्राह्म्स चिडला. इतकी रुक्ष, निर्जीव गाणी भरून लोकांना लोकगीताची गोडी कशी लागेल, असा त्याचा आक्षेप. बोमेविरुद्ध लेख लिहायचं त्याच्या मनात होतं. लेख बाजूला राहिला आणि गाणीच छापली गेली.

त्याला ज्या चाली अतिशय सुंदर वाटल्या त्यांपैकी कितीतरी झुकालमाग्लिओ या आधीच्या संग्राहकाच्या संग्रहातल्या होत्या. १८३८ ते १८४० या काळात आलेला तो संग्रह. झुकालमाग्लिओने जुन्या गाण्यांवर स्वतःचा हात फिरवला होता, काही चाली तर बहुधा त्याच्याच. त्या चाली अस्सल नाहीत असं अभ्यासक सांगत राहिले, ब्राह्म्सचा जीव त्यांच्यावरच राहिला. आपल्या पहिल्या क्रमांकाच्या कृतीत, १८५३ च्या पियानो सोनाटात, त्याने यातलीच एक चाल घेतली होती, आणि ४९ गाण्यांच्या संग्रहात शेवटी तीच ठेवली.

माझं मत स्पष्ट आहे. संगीतकार म्हणून ब्राह्म्स बरोबर होता. सुंदर चाल उचलावी, सजवावी, लोकांसमोर ठेवावी, यात कसलं पाप? पण ‘हे लोकांनी गायलेलं’ असा शिक्का मारायचा असेल तर बोमेचा रुक्षपणा मला जास्त विश्वासाचा वाटतो. आपल्याकडे कुमार गंधर्वांनी हा प्रश्न नेमका सोडवला. क्षयाच्या आजारात देवासला असताना त्यांच्या कानावर माळव्यातल्या बायकांची गाणी पडली, त्यांनी ती स्वरांत उतरवून घेतली, त्या धुनांमधून नवे रागही उभे केले. त्यांना ते धुनउगम राग म्हणत. धुनेला धून म्हणून ठेवलं, रागाला राग म्हणून. माझ्या निळ्या आणि तांबड्या वहीची फोड मी तिथूनच घेतली.

चार

पाडवा जवळ आला की नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं येतात, फडाचे फलक बघतात, बोलणी होतात, सुपारी ठरते. हे गाव तमाशा गाजवणाऱ्या भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचं, आणि राष्ट्रपतींच्या हातून १९५७ आणि १९९० असा दोनदा सन्मान घेणाऱ्या विठाबाईंचं. मला इथे फडापेक्षा वह्या ओढून आणतात.

एका जुन्या ढोलकीवाल्या काकांनी पत्र्याच्या ट्रंकेतून वही काढली. कापडी पाठीची, किराणा दुकानात हिशेबाला वापरतात तशी लांबट. गण, गवळण, सवाल-जवाब, वग, सगळं एका हाताने लिहिलेलं, जांभळ्या शाईचं, कडेला पाण्याचे डाग. प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून दुसऱ्या कुठल्यातरी पदाचं नाव. लिहिणाऱ्याला आणि गाणाऱ्याला ते नाव पुरेसं होतं, कारण ते दुसरं पद त्या काळी सगळ्यांच्या तोंडी असायचं. आता ते विसरलं गेलंय. म्हणजे वहीत कुलूप आहे आणि किल्ली शेजारच्या घरी ठेवलेली, आणि ते घरच मोडून पडलंय.

काकांच्या डोक्यात मात्र यातल्या कैक किल्ल्या आहेत. मी एकेक नाव वाचते, ते मांडीवर ठेका धरून चाल गुणगुणतात. काही ठिकाणी ‘ही नाही येत’ म्हणून पुढे जातात. पाच पदं होईतो दीड तास गेला. वहीचे फोटो काढले, पानांचे क्रमांक टाकले. वही मी मागत नाही, कधीच. ती त्या घराची आहे. फोटोंची छापील प्रत पुढच्या खेपेला आणून देईन असं कबूल केलं. काका म्हणाले, “बाई, मोठ्या अक्षरात काढा, नातवाला वाचता आलं पाहिजे.”

पोवाड्यांचंही असंच झालं. इंग्रज अधिकारी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला. तीन वर्षांनी, ब्राह्म्सची गाणी आली त्याच १८९४ साली, ॲक्वर्थचं इंग्रजी भाषांतरही आलं. त्या दोघांनी शाहिरांना शोधून शब्द वाचवले नसते तर आज आपल्या हाती किती थोडं उरलं असतं! साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे पुस्तकांमागून पुस्तकं काढली. या सगळ्यांचे उपकार आहेत. पण छापील पानावर जे उतरलं ते मुख्यतः शब्दरूपाने.

सात

जुन्नर. बिबट्यामुळे अंधार पडायच्या आत घरी पोचायचा नियम या तालुक्यात आता सगळेच पाळतात. कडेला ऊस उभा असेल तर दुचाकीवरूनही कोणी एकटं जात नाही. संध्याकाळच्या भेटी त्यामुळे मी ठेवतच नाही, जात्याची पहाट असेल तर आदल्या रात्रीच वाडीवर मुक्काम करते.

जेवण करून संगणकापुढे बसते. दिवसभराचं ध्वनिमुद्रण तीन ठिकाणी उतरवायचं, एक प्रत घराबाहेर राहील असं बघायचं. प्रत्येक फाइलला तारीख, वाडी, गाणारीचं सासर-माहेर, गाण्याचा प्रसंग. हे काम कंटाळवाणं आहे आणि तेच टिकतं. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० साली पुण्यात समाजशास्त्रीय संशोधनाची संस्था काढली आणि डोंगरी भागातल्या बायकांनाच सोबत घेऊन जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांवर गायिका, लाखावर ओव्या. नव्वदच्या दशकात संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्यामुळे शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. प्वातवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. काम थांबलं नाही, कारण प्रत्येक ओवीला गायिकेचं नाव आणि गाव जोडलेलं होतं. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाने त्या ओव्या लोकांसमोर आणल्या, गायिकांच्या फोटोंसकट. चाल ऐकायची असेल तर आता ऐकता येते. हे मला फार मोठं वाटतं.

साडेनऊ

निळ्या वहीत आजचं शेवटचं पान पूर्ण करते. आजींच्या चालीचा चढा गंधार, जाऊबाईंचा शेवट, फुल्या, फेरे. खाली दोघींची माहेरं. तांबड्या वहीत दोन ओळी सुचल्या होत्या, त्या उद्या बघेन.

एक विनंती आहे. घरात किंवा गावी सत्तरीच्या पुढची आजी असेल तर येत्या सुट्टीत तिच्याजवळ फोन ठेवून बसा. जातं असेल तर मूठभर डाळ भरडायला घ्या, नसेल तर सूप, पाळणा, जे तिच्या हाताला सवयीचं असेल ते तिच्या हाती द्या. मध्ये बोलू नका, चूक काढू नका, ‘बाई’ आणि ‘गं’ गाळू नका. गाऊन झाल्यावर तिचं नाव, तिचं माहेर आणि ती चाल तिला कोणी शिकवली ते विचारा, आणि तिच्याच आवाजात नोंदवा.